कापलेल्या स्प्रिंगचा शॉकअप

मित्रांनो, मी हातभर लांबीचा एक जुना शॉकअप आहे आणि मी रागावलेलो आहे. आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

माझे काम समजायला सोपे आहे. गाडीचे चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि उसळते. एकदा उसळली की उसळतच राहते. तिला आवरतो मी. माझ्या नळ्यात तेल असते आणि त्या तेलातून एक चकचकीत दांडा वरखाली होतो. तेल दांड्याला घाई करू देत नाही. गाडीत बसलेल्या माणसाला यातले काही कळत नाही, आणि ते कळू नये यातच माझे यश.

कारखान्यात एका बाईने मला दाबून सोडले, मी सावकाश वर आलो, आणि तिने माझ्यावर खडूने खूण केली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. दुसरे मिळालेच नाही.

ब्राझीलमधल्या मिनास प्रांतात, कौलांच्या भट्टीवर काम करणाऱ्या बेनेदितोने नवी पांढरी गाडी घेतली. तिच्या मागच्या उजव्या चाकावर मी बसलो. नऊ वर्षे तांबड्या मातीचे रस्ते तुडवले. बेनेदितो दरवर्षी गॅरेजवाल्या अनाक्लेतो मिस्त्रीकडून मला तपासून घेई. मग त्याची नजर अधू झाली आणि गाडी त्याच्या मुलाकडे, जोसिमारकडे आली.

जोसिमारने पहिल्याच रविवारी अंगणात गाडी उचलून चारही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापून टाकले. गाडी पोटावर बसली. तिकडच्या तरुणांना तशीच गाडी लागते. गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा मिस्त्रीने वाकून पाहिले.

"स्प्रिंग कापलीस, ठीक. पण हे शॉकअप उंच गाडीचे आहेत. आखूड घाल, नाहीतर मरतील."

"मिस्त्री, स्प्रिंग कापणं फुकटात झालं. आखूड शॉकअपला महिन्याचा पगार जाईल."

"मग गाडी फुकटातल्यासारखीच चालेल."

जोसिमार हसला. माझ्या दांड्यावर एक रबरी गादी असते. मोठ्या खड्ड्यात शेवटचा मार तिने झेलायचा असतो. ती गाडीला आणखी खाली येऊ देत नव्हती, म्हणून त्याने तीही सुरीने कापली. त्या दिवसापासून माझा दांडा नळ्याच्या तळावर आदळू लागला. लोखंडावर लोखंड. तुमच्या गुडघ्यातली वाटी काढून कुणी तुम्हाला पळायला लावले तर कसे वाटेल?

रविवारी पेट्रोल पंपावर अशा बुटक्या गाड्यांचा मेळा भरे. बिअरचा आडवा डबा गाडीखालून घरंगळत गेला तर मालकाची टर उडे. जोसिमारच्या गाडीखाली डबा अडकला.

"अरे, सापालासुद्धा पोट आत घेऊन जावं लागेल," एक मित्र म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गाडीचे कौतुक झाले, रंगाचे झाले. मार खात मी उभा होतो, माझे नाव कुणी घेतले नाही.

गतिरोधक आला की बुटकी गाडी सरळ जाऊ शकत नाही, तिचे पोट घासते. म्हणून तिकडे ती तिरकी काढतात. एकेक चाक चढवायचे, मागे अर्धा रस्ता भोंगे वाजवत खोळंबतो. तिरक्या गाडीचा सगळा भार एका कोपऱ्यावर येतो. गावातून बाहेर पडेपर्यंत अकरा गतिरोधक होते. दोन वर्षांत माझे तेल अडवणारे रबरी सील फाटले आणि तेल गळून गेले.

याच काळात जोसिमारची आई इरासेमा हिची मूत्रपिंडे निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला शहरात नेऊन चार तास यंत्रावर रक्त शुद्ध करावे लागे. एका शनिवारी परतताना गाडी खड्ड्यावरून सशासारखी उडाली. मी तिला आवरू शकलो नाही. इरासेमाचा सुया टोचलेला हात दारावर आपटला आणि पट्टी लाल झाली.

"बाजूला घे," ती पट्टीवर बोटे दाबून म्हणाली.

"आई, घर आलंच की."

"बाजूला घे म्हणते ना. बसचा ड्रायव्हर माझा कुणी नाही, पण तो मला उडवत नाही."

रक्त थांबेपर्यंत ती रस्त्याकडेला बसून राहिली. मग बसने घरी गेली, आणि पुढचे तीन आठवडे बसनेच ये-जा करू लागली. चार तासांच्या यंत्रानंतर ती उन्हात थांब्यावर उभी राही. गावातला थांबा मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच होता. ती उतरून दुकानांचा आधार घेत घराकडे चढायची, ते सगळे गाव पाहत होते.

शेवटी जोसिमारने डिकीतले मोठे स्पीकर विकले आणि गाडी गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रीने माझ्या कोपऱ्यावर जोर दिला. गाडी चार वेळा डोलली. त्याने मला काढून दांडा दाबला. दांडा आत गेला तो आतच राहिला.

"प्रेत आहे हे," मिस्त्री म्हणाला. "तू प्रेतावर बसवून आईला नेत होतास."

त्याने आखूड स्प्रिंग आणि त्यांच्याच मापाचे आखूड शॉकअप बसवले. गाडी बुटकीच राहिली. माझा राग बुटक्या गाडीवर कधीच नव्हता, अर्धवट कामावर होता.

तेवढ्यात तेल्सियो नावाचा भंगारवाला आला. "चारही जुने मला दे. खर्चातलं थोडं परत मिळेल."

"यांचं काय करतोस?" जोसिमारने विचारले.

"भोक पाडायचं, हाताला लागेल ते तेल ओतायचं, भोक बुजवून काळा रंग मारायचा. बाजारात नवे म्हणून जातात."

समोर बस थांबली होती. इरासेमा उतरून दारात येऊन उभी होती.

"आणि ते कुणाच्या आईखाली बसतात?" तिने विचारले.

"काकू, घेणाऱ्यावर कुणी जबरदस्ती करतं का?"

"मेलेले आहेत, हे त्याला सांगतोस का?"

जोसिमारने मला उचलले, दांडा शिकंज्यात आवळला, त्यावर लांब पाइप चढवला आणि सगळे अंग टाकून दांडा वाकवला. मग उरलेल्या तिघांचेही तेच केले. मला दुखले नाही. स्प्रिंग कापल्यापासून माझ्याशी कुणी पहिल्यांदाच प्रामाणिकपणे वागत होते. तेल्सियो पुटपुटत निघून गेला.

"चल आई, बस गाडीत."

"आधी तू बस. मागे, उजव्या चाकावर. मिस्त्री चालवतील."

अकराही गतिरोधक ओलांडून गाडी परतली. इरासेमाने मुलाला काही विचारले नाही. तिने मिस्त्रीला विचारले, "कशी आहे?"

"गाडी सुधारली, वहिनी. मालकाचं तुम्ही बघा."

ती पुढच्या सीटवर बसली, पट्टीचा हात मांडीवर घेतला आणि जोसिमारला एवढेच म्हणाली, "हळू."

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीच्या कोपऱ्यावर हात ठेवून जोर द्या. ती वर येऊन थांबली तर माझा भाऊ जिवंत आहे. डोलतच राहिली तर मोठ्यांना सांगा. ते 'चालतंय की' म्हणाले तर पुन्हा सांगा. आणि आम्ही मेलो की आम्हाला मोडून टाका. आम्हाला रंग देऊ नका.