कासाबाई टॉकीजात ओरडल्या तेव्हा

मुक्तिसंग्रामावरचा नवा सिनेमा गंगाखेडच्या टॉकीजला लागला आणि आठ दिवसांत निम्मं गाव तो बघून आलं. "आपल्याच भागातलं हाय, सगळं खरं घडलेलं," असं जो तो सांगायचा. पण पुढं काय होतं ते कुणी बोलायला लागलं, की दुसरा लगेच त्याला गप्प करायचा. सोनपेठकडच्या त्या गावात राहणाऱ्या दैवशालाच्या मनाने मग ओढच घेतली. नवऱ्याने, दत्तरावांनी, फोनवरून दोन तिकिटं काढली खरी, पण नेमके खेळाच्या दिवशी सकाळी मेंढ्यांची लोकर कातरणारे दारात येऊन उभे राहिले.

"तू जा कुणाला तरी घेऊन," दत्तराव म्हणाले.

"मी येते की," ओसरीवरून कासाबाई म्हणाल्या.

दैवशाला बघतच राहिली. सासूचं वय शहाऐंशी. टॉकीजची पायरी जन्मात चढलेल्या नव्हत्या. चौतीस वर्षांच्या संसारात दैवशालाने त्यांना कामापुरतंच बोलताना ऐकलं होतं. तिथं झोप लागेल, नाही तर मधेच पाणी मागतील, अशी तिला धास्ती वाटली. पण नाही कसं म्हणायचं? एसटीने दोघी बाराच्या खेळाला पोहोचल्या.

सिनेमा होता तिघा जणांचा. निजामाच्या पोलिसांची नजर चुकवून त्यांना एक कागद सरहद्दीपलीकडच्या छावणीत पोहोचवायचा होता. पहिल्या अर्ध्या तासातच टॉकीजाचा रंग पालटला. मागे कुणीतरी लाह्या खात होतं, तो आवाज थांबला. पडद्यावरच्या माणसामागून पोलीस येताना दिसला तशी एक बाई न राहवून म्हणाली, "आरं, मागं बघ की मुडद्या!" तिला कुणी हसलंसुद्धा नाही. दैवशालाने पदराचं टोक कधी दातात धरलं, तिचं तिलाच कळलं नाही. कासाबाई मात्र पाय वर घेऊन, हाताची घडी घालून शांत बसलेल्या.

मग ते ज्वारीचं रान आलं. उभ्या पिकात दोघं दडलेले, एकाच्या कुशीत धनगराचं चार दिवसांचं कोकरू. बांधावर घोडी थांबलेली. पोलिसांच्या बुटाखाली धाटं मोडायचा आवाज जवळ जवळ येत चाललेला. कोकराने मान उचलली आणि त्या माणसाने झटकन त्याचं तोंड दाबून धरलं.

"आरं, तोंड दाबू नको! बोट दे चोखायला, बोट!"

सगळ्या टॉकीजात कासाबाईंचा आवाज घुमला. लोक खो खो हसले, कुणी शिट्टी मारली. दैवशाला लाजेने खुर्चीत दबली. तेवढ्यात पडद्यावरचं कोकरू हातातून निसटलं आणि 'बें' करून ओरडलं. हसू जागच्या जागी विरलं. पोलीस वळले, बंदूक उगारली गेली आणि दिवे लागले. इंटरव्हल!

"म्हणलं व्हतं," कासाबाई पुटपुटल्या.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. ते शाळेतून निवृत्त झालेले भगवानराव मास्तर. "आजी, तुमाला कसं ठावं हो, बोट द्यायचं?"

आजूबाजूची माणसं उठायची थांबली. दैवशालाने बघितलं तर सासूचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर पडत नव्हता.

"काय झालं, आत्याबाई?"

"बापानं नको म्हणलंय," त्या हळूच तिच्या कानाशी बोलल्या. "नऊ वर्साची व्हते, तवा शपथ घातली व्हती. कुणालाच सांगायचं न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. आन् मग बाप मेला. शपथ सोडवायची राहूनच गेली."

हसावं की रडावं? नऊ वर्षांच्या पोरीला घातलेली शपथ ही बाई आजवर मुकाट्याने पाळत आली होती. दैवशालाने सासूचा हात हातात घेतला. "आता कोण धरून नेणार हाय तुमाला? तुमच्या बापाच्या नावानं मी सांगते. सुटली म्हणा."

"सुटली?"

"सुटली."

कासाबाईंनी पाय खाली सोडले आणि सांगायला लागल्या. बाप मेंढरं राखायचा. एक दिवस दुपारी दोन अनोळखी माणसं धापा टाकत आली. बापाने त्यांना ज्वारीत घातलं आणि आईवेगळं कोकरू घेऊन तिथंच खेळणाऱ्या लेकीलाही आतच बसायला सांगितलं. घोडेस्वार आले. बाप त्यांच्याशी बोलत उभा. "कोकरू भुकेलं व्हतं. आता वरडतंय की काय, म्हणून मी बोट दिलं त्याच्या तोंडात. जाईस्तोवर चोखत व्हतं. बोट पांढरंफटक पडलं माझं. ती माणसं नुसती माझ्याकडं बघत व्हती. दिस कलल्यावर बापानं त्यांला नदीपार केलं."

"नावं काय त्यांची?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी इचारावं? नाव म्हाईत नसलं की सांगता बी येत न्हाई, बाप म्हणायचा."

चहावाला किटली धरून तसाच उभा होता. दिवे मालवले तरी दोन रांगा कासाबाईंकडेच तोंड करून बसलेल्या. आणि उत्तरार्धात गंमतच झाली. जरा कुठं पडद्यावर जीव टांगणीला लागला, की कुणीतरी अंधारातून विचारायचं, "आजी, आता काय व्हायलंय?"

"मला काय म्हाईत? मी का सिनेमा काढलाय?" कासाबाई खेकसायच्या आणि सगळं टॉकीज हसायचं. पण कागद छावणीत पोहोचला तेव्हा टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनीही दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना बायाबापड्या त्यांच्या पाया पडत होत्या आणि त्या प्रत्येकीला विचारत होत्या, "गाव कंचं गं तुझं?"

एसटीत खिडकीशी बसून त्या अख्ख्या वाटेत बोलत राहिल्या. बापाच्या घोंगडीचा वास, त्याची तंबाखूची चंची, त्याचं तोतरं बोलणं. दैवशाला ऐकत होती. चौतीस वर्षं एका चुलीवर भाकरी केल्या, पण ही बाई आज कुठं तिला भेटत होती.

घरी लोकर कातरणं आटोपलं होतं. अंगाने हलक्या झालेल्या मेंढ्या मेंढवाड्याच्या कुंपणात एकमेकींना ढुशा देत होत्या. दत्तरावांनी हात धुता धुता विचारलं, "कसा व्हता सिनेमा?" आणि आईचं सगळं ऐकून ते आईपुढं खाटेवर टेकले. दैवशालाने पुढं ठेवलेला चहा गार झाला, त्यावर साय धरली.

"माय, मला बी न्हाई सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस," कासाबाई म्हणाल्या. "लहानपणी तुझ्या पोटात काय राहत व्हतं?"

दत्तराव हसले. मग म्हणाले, "उद्या दाखव मला, कुठलं वावर ते."

"उद्या कशाला? माझं माहेर पाणंदीपल्याडच तर हाय. दिवस कासराभर वर हाय अजून."

दत्तरावांनी मोटारसायकल बाहेर काढली. दैवशालाने सासूला मागे बसवलं, पदर खोचून दिला, पोराच्या खांद्यावर हात ठेवायला लावला. गाडी चालू व्हायच्या आधीच कासाबाईंनी सुरुवात केली होती. गाडी पाणंदीच्या वळणाआड गेली तरी त्यांचा आवाज दैवशालाला ऐकू येत होता.