इतुराल्देची मेणवात

आठवड्यात तिसऱ्यांदा नेकाने दारात उभी राहिली, तेव्हा ग्राशियानाचा जप अर्ध्यावर होता. माळ खाली ठेवावी लागली, याचाच तिला आधी राग आला.

"मावशी, घराला नवी पाटी लावली, 'ढगांचं घर' म्हणून. तरी सगळे मला इतुराल्देच म्हणतात. पाववालासुद्धा."

"इतुराल्देत राहतेस, मग दुसरं काय म्हणतील?"

"इतुराल्दे म्हणजे झऱ्याकाठचं. झरा कुठाय तिथे?"

"रस्ता झाला तेव्हा आटला. म्हणून काय नाव बदलायचं?"

गुडघ्यांना चढण झेपेना, म्हणून ग्राशियानाने वसंतात ते घर नेकानेला विकलं आणि ती खाली गावात फ्लॅटमध्ये आली. कागदोपत्री तिचं आडनाव वेगळंच. पण पन्नास वर्षं ती इतुराल्देची ग्राशियाना होती. जो घरात राहील त्याला घराचं नाव, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तरी सही करताना कौलं, गोठा, सफरचंदाची झाडं एवढंच तिच्या मनात होतं, नाव नव्हतं.

"आणि आता चर्चमधल्या बायका म्हणतात, उद्या मृतांचा दिवस, इतुराल्देच्या जागेवर मेणवात मीच लावायची. तुमच्या माणसांसाठी. ती मेणाची लांब वात मला फळीवर गुंडाळतासुद्धा येत नाही. तुम्ही सांगा ना त्यांना."

ग्राशियानाने कपाटाकडे पाहिलं. फळी तिच्याच कपाटात होती, सासूच्या वेळची. उद्या बिशेन्तेसाठी, तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी, वात आपणच लावायची असं तिने गृहीत धरलं होतं. पण चर्चमध्ये दर घराची जागा ठरलेली, आणि त्या जागेवर बसायचं ते त्या घरच्या बाईने. 'दुसरा मजला, डावीकडचं दार' या तिच्या नव्या पत्त्याला तिथे जागा नाही. नेकाने बसली नाही, तर बिशेन्ते अंधारात राहणार.

"काय वैताग आहे," म्हणत ती उठली आणि फळी घेऊन आली. "बस. सैल गुंडाळू नकोस, घसरते."

"मला तुमच्या माणसांची नावंही माहीत नाहीत."

"एक लक्षात ठेव. बिशेन्ते. दाराकडून वारा येतो, तो त्याला कधी सोसला नाही. आडोशाला ठेव."

"आणि तुम्ही?"

"मागच्या बाकावर. विझली तर खाकरेन."

नेकानेने तीनदा गुंडाळली, तीनदा सुटली. चौथ्यांदा वात घट्ट बसली.

"पाटीचं काय करू?"

"कोंबड्यांच्या खुराड्याला लाव."

ग्राशियानाने माळ उचलली. जप पुन्हा पहिल्यापासून.