जरा जोरात ओरड

माझा आवाज मोठा आहे. सीटी स्कॅनच्या खोलीत एकवीस वर्षं काढल्यावर तो आणखी मोठा झाला, कारण तिथे येणारा प्रत्येक माणूस आधी सांगितलेलं सगळं विसरून येतो. सहा तास काही खायचं नाही म्हणून बजावलं, तर म्हणतात, "दोनच बिस्किटं खाल्ली हो." जणू दोन बिस्किटं पोटात मोजतच नाहीत! अंगावरचं धातूचं सगळं काढा म्हटलं, तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा तसाच. श्वास धरा म्हटलं की नेमका तेव्हाच खोकला येतो. मग मी काचेच्या अलीकडे बसून माइकवरून ओरडते. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनासुद्धा ऐकू जातं म्हणे. जाऊ दे.

पण ओरडण्यातही एक गोम होती आणि ती माझ्या आधी आमच्या मावशींच्या लक्षात आली. मावशी म्हणजे पेशंटला टेबलावर चढवणाऱ्या, उतरवणाऱ्या, चादर बदलणाऱ्या बाई. एकदा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही झापता ना, ती माणसं बरी होऊन जातात. तुम्ही गोड बोलायला लागलात की माझ्या पोटात गोळा येतो."

खोटं नव्हतं. फोटो आधी माझ्यासमोर येतात. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट मी लिहीत नाही आणि काय दिसलं ते पेशंटला सांगायचा मला अधिकारही नाही. पण एकवीस वर्षं पोटं बघितल्यावर कळायचं ते कळतंच. पडद्यावर सगळं ठीक दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो आणि मग हलल्याबद्दल, खोकल्याबद्दल, किल्ल्यांबद्दल मी मनसोक्त ओरडून घेते. वाईट दिसलं की आवाज आपोआप खाली येतो. "हळू उतरा हं, आजोबा," असं काहीतरी तोंडातून जातं. मुद्दाम करत नाही. होतं.

हा किस्सा मी घरी हसत हसत सांगितला, हीच माझी चूक. भावोजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, तो उचलून धरला. ते बसदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन होते, माणूस बोलघेवडा. तेव्हापासून मी त्यांची 'फौजदारीणबाई' झाले. येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमची फौजदारीणबाई ओरडली की समजायचं, शंभर वर्षं आयुष्य!"

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझा डबा, माझी फी, सगळं तिने शिवणयंत्रावर बसून निभावलं. अजूनही ती शाळांचे गणवेश शिवते. जून जवळ आला की तिला जेवायचीही शुद्ध नसते. म्हणून पाच महिन्यांपूर्वी फोनवर ती म्हणाली, "अगं, हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरतं, वर जळजळतं," तेव्हा मी तिला अशी झापली की काय सांगू. "उपाशी बसून मशीन चालवतेस, वर दहा कप चहा ढोसतेस! जळजळ नाही होणार तर काय होणार? वेळेवर जेव, अॅसिडिटी आहे नुसती!" पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. मला कामाची घाई, तिला गणवेशांची. शेवटी उलट्या सुरू झाल्या तेव्हा भावोजी तिला ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफीत नीट काही कळेना, मध्ये वायू फार, म्हणून डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन सांगितला. माझ्याच खोलीत.

सकाळी साडेनऊला दोघं हजर. भावोजींच्या हातात डबा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"ती उपाशी म्हणून मीही उपाशी," भावोजी म्हणाले. "तपासणी झाली, तू ओरडलीस, की दोघं मिळून इथेच जेवणार. तोपर्यंत पाण्याचा थेंब नाही."

"तुमचा स्कॅन नाहीये, भावोजी."

"नसू दे. साथ म्हणून काही असतं की नाही?"

ताईला कपडे बदलायला आत नेलं. कानातलं, गळ्यातलं, हातातलं काढून रुमालात बांधलं. गाऊनच्या नाड्या बांधायला गेले तर त्या दोनदा फिरल्या तिच्याभोवती. तिने काढून ठेवलेला कुर्ता मी घडी करायला घेतला. दोन्ही कुशींना टाक्यांच्या तीन तीन ओळी होत्या, एकीच्या आत दुसरी. स्वतःचा कुर्ता तिने तीनदा आत घेतला होता. माप घेताना बाई स्वतःच्या अंगावर टेप धरून उभी राहिली असेल, आकडा बघितला असेल आणि कुणाला एक शब्द न बोलता टाके घालून मोकळी झाली असेल. मला इतका संताप आला की घडी चुरगळली.

मग फॉर्म. दमा आहे का, कशाची अॅलर्जी आहे का, मूत्रपिंडाचा त्रास, साखरेची गोळी? सगळ्याला नाही. रक्ताचा रिपोर्ट बघितला, ठीक होता. मग समोर जग ठेवला. पाण्यात मिसळलेलं औषध. त्याने आतडी पडद्यावर उठून दिसतात. तासाभरात पाच ग्लास प्यायचं असतं. माणसं कुरकुरत का होईना, पितात.

ताईने एक ग्लास संपवायला वीस मिनिटं घेतली. दुसरा अर्धा झाला आणि तिने तो खाली ठेवला.

"पी."

"जात नाही गं."

"न जायला काय झालं? पाणीच आहे ते! नखरे करू नकोस. लहानपणी मला नाक दाबून एरंडेल पाजायचीस, तेव्हा मी म्हटलं होतं का, जात नाही?"

ताईचा चेहरा उजळला. "ओरड, ओरड," ती म्हणाली. "बरं वाटतं तू ओरडलीस की." मग ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "मी आधीच आले असते गं. पण तू फोनवर एवढी ओरडलीस, मी ह्यांना म्हटलं, चला, फौजदारीण ओरडली, म्हणजे काही नाही."



"अगं, फोनवर मी कुठे फोटो बघितले होते?"

"तेही खरंच," ताई म्हणाली आणि राहिलेला अर्धा ग्लास उचलून, डोळे मिटून तिने पिऊन टाकला. तिसरा नाही गेला. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, चालेल, घ्या.

टेबलावर झोपवलं. गुडघ्यांखाली उशी, दोन्ही हात डोक्याच्या वर. शिरेत सुई लावली. कपडे शिवून शिवून तिच्या बोटांना घट्टे, पण मनगट आत लहान मुलासारखं मऊ. सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं. "हे टेबल आत सरकेल. बोगदा नाही, नुसतं कडं आहे, तोंड मोकळंच राहतं. मशीन घरघरेल, तुझ्या शिलाई मशीनपेक्षा कमीच. मी सांगेन तेव्हा श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा. मध्ये शिरेतून औषध जाईल. तेव्हा अंगातून एकदम गरम लाट गेल्यासारखी वाटेल, तोंडाला लोखंडाची चव येईल. आणि कपड्यात लघवी झाली की काय असं वाटेल. झालेली नसते. घाबरायचं नाही."

"आणि झालीच तर?"

"तर धुवायला लावीन तुलाच."

ती हसली. मी काचेच्या अलीकडे येऊन बसले.

पहिली फेरी साधी, औषधाशिवाय. जागा ठरवण्यापुरती. त्यात मी मुद्दामच फार बघितलं नाही. मग औषध सोडलं. "श्वास घे. धर." ताईने धरला. काय शहाण्यासारखा धरला तिने! टेबल सरकलं, फोटो एकामागून एक यायला लागले. छातीचा तळ. यकृत. जठर.

जठराची भिंत पुठ्ठ्याएवढी असते. तिची बोटाएवढी जाड झाली होती, सगळीकडून. आत जागा अशी उरलीच नव्हती. म्हणून दोन घासांत पोट भरायचं. म्हणून तिसरा ग्लास गेला नाही. आणि यकृतात काळे डाग. एक, दोन, पाच, सात. मग मी मोजणं सोडलं.

मावशी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांना फोटोतलं काही कळत नाही, त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, अजून एक फेरी राहिली ना?"

राहिली होती. मी माइकचं बटण दाबलं. ठरवलं, ओरडायचं. 'हललीस, पुन्हा घ्यावं लागणार,' असं काहीतरी. तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी मी ऐकलं, "ताई, अजून एकदाच हं. छान करते आहेस."

छान करते आहेस! जन्मात मी तिला कधी असं म्हटलं नव्हतं. बटण सोडलं तेव्हा उशीर झाला होता. काचेतून तिचे डोक्यावर घेतलेले हात दिसत होते. बोटं एकदा घट्ट मिटली, मग सावकाश उघडली. "श्वास घे. धर," मी म्हटलं. तिने धरला. शेवटपर्यंत हलली नाही.

मी आत गेले. मावशींना म्हटलं, मीच उतरवते, आणि त्या मागच्या दाराने निघून गेल्या. टेबल खाली आणलं. ताई छताकडे बघत होती.

"लाट आली गरम," ती म्हणाली. "लोखंडाची चव पण. सगळं सांगितलंस तसंच झालं."

"हो."

"फक्त तू ओरडली नाहीस."

 आता अर्धा तास थांब, औषध सोसलं की नाही बघायला हवं, मग दिवसभर भरपूर पाणी पी, असं सगळ्यांना सांगायचं असतं, ते आठवेना. मी सुई काढली, कापूस दाबून धरला. नियम कसले आणि अधिकार कसला. मी तिथेच टेबलाच्या कडेला डोकं टेकलं आणि रडले. ताईने मोकळ्या हाताने माझ्या केसांची बट कानामागे घेतली, वेणी घालताना घ्यायची तशी.

"वाईट आहे का गं फार?"

मी मान वर केली नाही. तेवढं तिला पुरलं.

मग तिने विचारलं, "रिपोर्ट कधी?"

"उद्या दुपारी."

"मग उद्या दुपारी कळू दे ह्यांना. डॉक्टर सांगतील तसं." ती उठून बसली, गाऊन सारखा केला. "सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. कालही धड जेवले नाहीत. तू ओरडेपर्यंत डबा उघडणार नाहीत, माहीत आहे ना तुला तो हट्टी माणूस? ऊठ. दार उघड आणि ओरड माझ्यावर."

"ताई, नाही जमणार मला."

"न जमायला काय झालं?" ती म्हणाली, थेट माझ्याच सुरात. "नखरे करू नकोस."

आमचं दार जड असतं, शिशाचा पत्रा घातलेलं. मी ते ढकलून वीतभर उघडलं. बाहेर बाकावर बसलेल्या भावोजींचे बूट दिसले. मी परत येऊन ताईच्या हातावरचा कापूस धरला.

"किती वेळा सांगितलं, हलू नकोस म्हणून!" माझा आवाज फाटला. "सगळे फोटो हलले! अक्कल काय गहाण ठेवून आलीस?"

बाहेर भावोजी मोठ्याने हसले. शेजारच्या कुणाला तरी सांगायला लागले, "आमची मेहुणी! ओरडतेय म्हणजे सुटलो आम्ही!"

"आणखी," ताई कुजबुजली. "जरा जोरात."

"पाच महिने!" मी ओरडले. "पाच महिने गप्प बसलीस! तीन तीन वेळा कुर्ता आत घेतलास, आणि मला एकदा, एकदा सांगता आलं नाही तुला? मी कोण तुझी? मी ओरडते म्हणून काय झालं? मला काय कळतं? मूर्ख आहे मी, माझं कशाला ऐकलंस?"

शेवटचं मला म्हणायचं नव्हतं. भावोजींचं हसणं थांबेना. ताईने माझा हात कापसासकट घट्ट धरला होता आणि दाराकडे कान देऊन बसली होती. तिचे डोळे भरले होते, पण मान ती हलवत होती, बरोबर, बरोबर, अशी.

बाहेर डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"बस आता," ताई म्हणाली. "जेवतायत."