खोकलेसाहेब

कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं शिलाई खात्यावर देखरेख केलेल्या त्या गृहस्थांना कामगार पाठीमागे ‘खोकलेसाहेब’ म्हणत. खात्यात शिरण्याआधी ते दारातच मुद्दाम खोकायचे. चोरपावलांनी येऊन कुणाला पकडणं त्यांच्या जिवावर येई. माणसाला सावरून घ्यायला क्षणभर वेळ मिळावा, एवढाच भाव. या नावाचा त्यांना आतून अभिमानच होता.

आता देखरेख त्यांच्यावरच आली होती. न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हापासून लेकीनं खोलीची आतली कडी काढून टाकली आणि कपाटावर कॅमेरा बसवला. कामावरून ती फोनमध्ये बघायची, तिथूनच बोलायचीही.

पडल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण बायको गेल्यापासून रोज दुपारी दार लावून ते तिच्या फोटोशी मन मोकळं करत. त्यावरच दिवस निघायचा. परवा जरा सुरुवात केली, तोच कपाटावरून आवाज आला, “बाबा, कुणाशी बोलताय?”

झालं! तोंडाला कुलूपच बसलं.

संध्याकाळी लेक घरी आल्यावर ते म्हणाले, “बाई गं, कडी बसव परत, आणि तो कॅमेरा काढ.”

“आणि पुन्हा पडलात म्हणजे? दार मी फोडू?”

“अगं, देवही वरून बघतोच की. पण मध्येच ‘कुणाशी बोलताय’ म्हणून विचारत नाही बिचारा!”

लेक हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मला काय हौस आहे का, बाबा? तिकडे कामात लक्ष लागत नाही हो.”

त्यांना भरून आलं. “बरं, राहू दे. निदान बघायच्या आधी खोकत तरी जा.”

“म्हणजे खोकलेसाहेबांची गादी माझ्याकडे! खोकेन, शप्पथ.”

दुसऱ्या दुपारी त्यांनी खुर्ची फोटोजवळ ओढली. “ऐकतेस का गं,” म्हणाले आणि थांबले. कान कपाटाकडे. खोकला नाही. “तर काल काय झालं...” पुन्हा थांबले. आता येईल, मग येईल. अर्धा तास असाच गेला.

शेवटी आला. हलकासा, मायेनं काढलेला. त्यासरशी त्यांची पाठ ताठ झाली, हात मांडीवर आले.

आणि बसल्या जागी शिलाई खातं डोळ्यांपुढे उभं राहिलं. खोकल्यासरशी खाली जाणाऱ्या माना. ओठांवरच मिटलेलं हसू. तीस वर्षं ती माणसं अशीच दाराकडे कान लावून बसली होती.

“बाबा, ठीक ना?”

“ठीक आहे,” फोटोकडे न बघता ते म्हणाले.