देमेत्रिओनं हात थांबवले तेव्हा

रेज्जो शहरातली माणसं समुद्राकाठच्या त्या जुन्या, झाडांच्या रस्त्यावर फिरायला येतात. कोन्सोलाता मात्र रोज सकाळी यायची ती भावाचे कपडे सांभाळायला. बायको गेल्यापासून देमेत्रिओनं पोहण्याचं खूळ डोक्यात घेतलं होतं. सत्तरी उलटलेली, ऑक्टोबर लागलेला, तरी थांबायचं नाव नाही.

"अरे, लोकांनी कोट बाहेर काढले," ती त्या दिवशीही म्हणाली.

"मग तूही काढ. मी अडवलंय?" शर्ट तिच्या अंगावर टाकून तो पायऱ्या उतरून गेला.

ती बाकावर बसली. तिचे गुडघे गेलेले, आणि जन्म समुद्राकाठी काढूनही तिला पोहता येत नव्हतं. आधी त्याचं डोकं समोर दिसत होतं. मग ते डावीकडे सरकायला लागलं. समोरच्या सामुद्रधुनीतलं पाणी दिवसातून चारदा दिशा बदलतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देमेत्रिओ तर जन्मभर पलीकडच्या काठावरच्या मेस्सीनाच्या फेरीबोटीवर खलाशी होता.

"देमेत्रिओ! परत फीर!" ती कठडा धरून ओरडली.

माणसं जमली. "किनाऱ्याकडे तिरकं यायला सांगा त्याला!" एक कुत्रेवाला म्हणाला.

"सांगू कसं? तो जमिनीवरही माझं ऐकत नाही!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. एका मुलीनं तटरक्षकांना फोन लावला. एक माणूस बूट काढून धावत खाली गेला, गुडघाभर पाण्यात थांबला आणि मान खाली घालून परत आला. "माफ करा, सिन्योरा. घरी लहान मुलं आहेत."

"नका जाऊ हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

डोकं आता ठिपक्याएवढं झालं होतं. त्याच्या रोखानं ती कठड्याकठड्यानं खुरडत चालत राहिली, छातीशी शर्ट धरून. शेवटी कठडाच संपला. लांबवर मच्छीमारांच्या एका होडीनं काहीतरी वर ओढून घेतलं. ते हलत होतं की नाही, तिला दिसेना.

तो वाचला होता. इस्पितळात कांबळ्यांत गुंडाळलेला, ओठ निळे.

"केवढं लांब नेलं रे पाण्यानं!" ती रडत म्हणाली.

"पाण्याला कशाला बोल लावतेस? मला तिरकं येता आलं असतं." तो छताकडे बघत होता. "मी हात मारायचे थांबवले."

"का?"

"दमलो होतो." मग म्हणाला, "पोहून नाही, कोन्सोला."

तिनं त्याचं कांबळं नीट केलं.

घरी सोडल्यावर तोच म्हणाला, "चल, फिरून येऊ. कपड्यांनिशी." ती त्याला झाडांच्या बाजूनं चालवत होती, स्वतः समुद्राच्या बाजूला, त्याचा दंड पकडून.

"जरा सैल धर. दुखतंय."

"दुखू दे."

तो हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि तिच्या खांद्यावरून पाण्याकडे बघत राहिला. दुपारच्या जेवणापर्यंत त्याला असं धरून ठेवता येईल, एवढं तिला कळत होतं. मग तो आपल्या रिकाम्या घरी जाईल आणि दार लावून घेईल.