रिकामे घाटे

या जगात काही गोष्टी बुद्धीच्या पलीकडे असतात, हे मला मान्य आहे. उदाहरणार्थ, पिकून वाळलेला हरभरा कापायचा सोडून चाळीस माणसं रोज भर दुपारी त्यातून तीन फेऱ्या का मारत होती, हे मला आजही सांगता येत नाही.

फेरीच्या पुढे मौनीबाबा असत. एरवी ते अखंड बोलत. कोणी प्रश्न विचारला की त्यांना मौन लागे. तिसरी फेरी संपली की ते एक घाटा खुडत, कानाशी नेऊन हलवत, डोळे मिटत आणि मग तो उकलून सगळ्यांना दाखवत. आत दाणा नसे. गर्दीतून हुंकार उठे.

"दाणा होता," बाबा म्हणत. "ओढून नेला. टरफल ठेवते, जीव नेते. घरातलीच नजर आहे, आणि शिकलेली आहे."

पुरावा बिनतोड होता. आमच्या घरमालकांची, म्हणजे आबांची, शेजारी शेजारी दोन शेतं. मधे एक बांध. अलीकडे आबांनी स्वतः पेरलेला जुना वाण. त्याचे घाटे टच्च. पलीकडे धाकट्या सुनेने बियाणे केंद्रातून आणवलेला नवा वाण. त्याचे घाटे दिवसेंदिवस रिकामे. माती तीच, पाणी तेच, आबाही तेच. फरक फक्त सुनेच्या हाताचा. म्हणून तिला घरामागच्या बियाण्याच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती, आणि नजर उतरेपर्यंत शेताला विळा लावायचा नाही, अशी बाबांची आज्ञा होती. ती कोंडलेली असतानाही घाटे रिकामे होत राहिले. यावरून नजर भिंतीतून जाते हे सिद्ध झालं, आणि बाबांचा मुक्काम वाढला.

मी त्याच घरात माडीवर भाड्याने राहतो आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्या खोलीची गज लावलेली हातभर खिडकी माझ्या जिन्याखालीच उघडते. बारा दिवस मी त्या खिडकीवरून जात होतो आणि वर्गात मुलांना सांगत होतो, की पुराव्याशिवाय काही मानू नका. घरमालकांशी माझे संबंध उत्तम होते.

आत तिने काहीही केलं तरी ते तिच्या विरुद्धच जायचं. रडली, तर बाधा सुटायला धडपडते. गप्प राहिली, तर दबा धरून बसली. लग्नाआधी ती बियाणे केंद्रात सहा वर्षं नोकरीला होती, वाणांचे दाणे मोजायचं काम करायची. हे तिने सांगून पाहिलं, तर बाबा म्हणाले, बघा, हिची नजर दाण्यावरच. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. त्याने फोनवर सांगितलं, आबा म्हणतील तसं. बाराव्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, की बाधा चिवट आहे, उद्या हिला आपल्या मठात न्यावं लागेल. किती दिवसांसाठी, असं आबांनी विचारलं. बाबांना मौन लागलं.

त्या संध्याकाळी मी जिना चढत होतो.

"सर, घाईत आहात का?" खिडकीतून आवाज आला.

मी थांबलो. बारा दिवसांत मला हे सुचलं नव्हतं.

तिने जे सांगितलं ते फार साधं होतं. नवा वाण लवकर पिकतो, दाणा टपोरा देतो, पण वाळल्यावर त्याच्या घाट्यात दम नसतो. टोकाशी उकलतो आणि दाणा खाली पडतो. जुना वाण उशिरा पिकतो आणि दाणा धरून ठेवतो. नवा तीन आठवड्यांपूर्वीच कापायला हवा होता, तोही सकाळी दव असताना. पण आबांच्या घरात दोन्ही शेतं एकाच दिवशी कापायची पद्धत. तिने सुचवलं तर आबा म्हणाले, मजूर दोनदा कोण बोलावणार? तेवढ्यात घाटे फुटायला लागले, आणि बाबा आले.

"आणि ते भर उन्हात फेऱ्या मारत नाहीत सर," ती म्हणाली. "चाळीस जण मिळून मळणी करतायत."

हे आबांना का सांगत नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं. बाधा बोलते म्हणाले." मग ती म्हणाली, "तुमच्यात अजून बाधा नाही. तुम्ही मोजा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार काठ्यांचा मीटरभर चौकोन बांधून शेतात गेलो, तो जमिनीवर टाकला आणि चाळीस माणसांसमोर गुडघ्यांवर बसून आत पडलेले दाणे मोजले. नव्या वाणात एकशे त्रेचाळीस. जुन्यात सहा. दाणा कोणी ओढून नेलेला नाही, मी म्हणालो, तो इथे मातीत पडलाय.

बाबांनी मोठ्या प्रेमाने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या फेऱ्यांना बाधा घाबरली," ते म्हणाले. "ओढलेला दाणा ओकतेय."

मी मोजलेल्या एकशे त्रेचाळीस दाण्यांना लोकांनी हात जोडले. एकाने माझ्याही पाया पडायचा प्रयत्न केला. दारात मठाची गाडी येऊन उभी होती.

तेव्हा गर्दीच्या कडेने सासूबाई पुढे आल्या. रोज दोन वेळा सुनेचं ताट आत नेऊन ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी हात जोडूनच विचारलं, "बाबा, नजर लांबून जास्त लागते का जवळून?"

भक्ताचा प्रश्न म्हणून बाबा गाफील राहिले. "जवळून, आई. जितकी जवळ तितकी जहाल."

"मग तिच्या उशाशी याच शेतातली पेंढी आहे. कडी लावायच्या आठवडाभर आधी तिने नमुना म्हणून कापून खोलीत ठेवलेली. बारा दिवस ती त्या पेंढीकडेच बघत बसलीय."

बाबांना मौन लागलं.

आबा घराकडे निघाले. सगळे मागोमाग. त्यांनी स्वतः कडी काढली. सून भिंतीशी उभी होती. आबांनी पेंढी उजेडात आणली आणि एक घाटा दाबला. दोन दाणे. दुसरा दाबला. एक, पण टपोरा. अकरा घाटे त्यांनी फोडले. एकही रिकामा नव्हता. बियाणं तेच, शेत तेच, सून तीच. फक्त पेंढी वेळेवर कापलेली. बाराव्या घाट्याला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही.

"बाहेर ये," आबा म्हणाले.

"आधी दाराची कडी काढून टाका," ती म्हणाली. "खिळ्यांसकट."

पक्कड शोधेपर्यंत ती आतच उभी राहिली. मग बाहेर येऊन तिने सांगितलं, की मजुरांना पहाटे बोलवा, दव आहे तोवर जमेल तितकं वाचवू. आबा बरं म्हणाले.

बारा दिवस तुम्ही का बोलला नाहीत, असं मी सासूबाईंना विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.

वाचकांना विनंती एवढीच. खत नवीन असलं की आपण अर्ध्या वाफ्यात घालतो, अर्ध्यात नाही, आणि मग बघतो. नजरेलाही तेवढीच वागणूक द्यावी. बाबा आले त्या दिवशी अर्धं शेत कापून घरात ठेवलं असतं, तर आठवड्यात उत्तर मिळालं असतं आणि कोणाला कोंडावं लागलं नसतं. आणि दाणा दिसला तरी आपलंच खरं, नाही दिसला तरी आपलंच खरं, असं जो म्हणतो त्याला शेतात शिरू देऊ नये. निदान दुपारी तरी.

नव्या वाणाच्या बियाण्याची पिशवी मला नंतर सापडली. तिच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं आहे : घाटे वाळताच आठ दिवसांत काढणी करावी, उशीर झाल्यास दाणे गळतात. पेरणीपासून ती माझ्या जिन्यात पायपुसणं म्हणून पडलेली होती.