खालची तीन छिद्रं

“दाब. नीट दाब. हवा गळतेय,” लांब्या म्हणाला.

बासरी त्याच्या ओठांना. वरची तीन छिद्रं त्याच्या डाव्या हाताखाली, खालची तीन माझ्या उजव्या हाताखाली. त्याच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं आहे. मधली तीन बोटं कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली. मशीन मी चालवत होतो.

सूर फाटला. माझं बोट थरथरलं होतं.

“पुन्हा.”

चार महिने मी त्याच्या घराकडे फिरकलो नाही. झोप नाही. बायको मला गच्चीवर एकट्याला जाऊ देत नाही. मग त्याचाच निरोप आला : रोज संध्याकाळी ये, तीन बोटं कामाला हवी आहेत, पगार नाही, चहा मिळेल. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

तो सांगतो, फक्त सुराकडे कान ठेव. कुठे संपतो ते ऐक. मन पळालं की ओरडू नकोस त्याच्यावर, परत आण.

माझं पळतं ते एकाच ठिकाणी. पत्रा तिरका बसला होता. सरळ करायला त्याने हात आत घातला आणि बटण

सूर फाटला.

“पुन्हा.”

त्याने हात आत घातला. मी मागे वळून कुणाची तरी थट्टा करत होतो. आणि

“अरे, हात आहे की पाळणा?”

स्वयंपाकघरात वहिनी हसल्या. चौकशीत मी लिहून दिलं होतं, बटण अडकलं. वहिनींना ते खरं वाटलं. मी पहिल्यांदा आलो तेव्हा म्हणाल्या, तुमचा काय दोष, भाऊजी. त्या दिवसापासून त्यांचा चहा मी तसाच ठेवून येतो.

“पुन्हा.”

“बटण अडकलं नव्हतं,” मी म्हणालो. “मी न बघता दाबलं.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

लांब्याने बासरी ओठांवरून काढली. “माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होतो.”

“मग बोलावलंस कशाला?”

“खालचे सूर मला एकट्याला येत नाहीत.”

मी उठायला लागलो. त्याने अंगठा आणि करंगळीत माझं मनगट धरलं, हात छिद्रांवर आणला आणि पुन्हा फुंकर घातली.

या वेळी बोटं हलली नाहीत. खालचा सूर आला, अख्खा.

वहिनी दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

सूर संपायला अजून वेळ होता.